मलपृष्ठावरचा फोटो

भाईदास सोनवणे सत्तावन्न वर्षांचा झाला तरी त्याचा एकट्याचा असा धड फोटो जगात नव्हता, आणि त्यावाचून त्याचं कधी काही अडलंही नव्हतं. आधार कार्डावर एक होता. तो पाहून त्याची बायको सुंदरा म्हणायची, पोलिसांनी धरून नेताना काढल्यासारखा आहे. पुतण्याच्या लग्नातला एक होता, पण त्यात फेटाच एवढा मोठा की खाली कुणीही असू शकलं असतं. सुरतेजवळ कडोदऱ्याला यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या, खात्यात तो अठ्ठावीस वर्षं मास्तर होता. तिथे दर दसऱ्याला यंत्रपूजेचा फोटो निघायचा. त्यात मशीनला झेंडूचा हार असायचा आणि भाईदासचा अर्धा कान.

घोडं अडलं ते पुस्तकापाशी. भाईदासचं पुस्तक येणार होतं. तो राहायचा त्या दिंडोलीच्या गल्लीत कुणाची दुसरी रिक्षा यायची, कुणाची सून यायची, कुणाचा डेंग्यूचा रिपोर्ट यायचा. पुस्तक कुणाचं आलेलं नव्हतं. भाईदास वीस वर्षं लूमच्या आवाजात डोक्यातल्या डोक्यात गोष्टी रचत आला होता आणि रविवारी वहीत उतरवत आला होता. खात्यातली माणसं, त्यांच्या फजित्या, गावाकडून पहिल्यांदा सुरतेला आलेल्यांचे गोंधळ. सगळ्या विनोदी. खानदेशातल्या लहानसहान दिवाळी अंकांत त्यातल्या काही छापूनही आल्या होत्या. शेवटी धुळ्याचे एक प्रकाशक, योगेंद्र सर म्हणत त्यांना, पुस्तक काढायला तयार झाले. नाव ठरलं ‘संच्यावरची मंडळी’; लूमला खात्यात संचाच म्हणत. आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, रविवारी धुळ्यात प्रकाशन, हेही ठरलं. मार्चच्या शेवटी सरांचा फोन आला.

“सोनवणे, मलपृष्ठावर तुमचा फोटो लागेल. शनिवारपर्यंत पाठवा. आणि हे बघा, पुस्तक विनोदी आहे, तेव्हा फोटो हसरा पाहिजे. तुम्ही पाठवला होता तसला नको. तो बघून वाचक पुस्तक परत ठेवेल.”

पाठवला होता तो आधार कार्डाचाच होता.

त्या रात्री भाईदासने घरातली सातही पुस्तकं काढून पालथी घातली आणि मागचे फोटो नीट न्याहाळले. कवी होते ते सगळे लांब कुठेतरी बघत होते, जणू तिकडून गाडी यायची होती. एका समीक्षकाने हनुवटीला बोट लावलं होतं. कादंबरीवाल्या बाईंच्या मागे पुस्तकांनी भरलेलं कपाट होतं. विनोदी लेखक मात्र एकच होते आणि ते असे हसत होते की आपणही हसावं. भाईदास आरशापुढे उभा राहिला आणि त्याने हसून पाहिलं. दात दिसले. पण दात दिसणं म्हणजे हसणं नव्हे, हे त्याच्यासारख्या विनोदी लेखकाला सांगायला नको होतं. त्यातल्या त्यात चेहऱ्यावर बघण्यासारखी एक गोष्ट होती, ती म्हणजे मिशी. भरघोस, टोकांना किंचित वळलेली, निम्मी पांढरी. खात्यात त्याला मिशीवाला मास्तर म्हणूनच ओळखत. ती पाहून त्याला धीर आला.

मुलगी धनश्री म्हणाली, “पप्पा, मोबाइलवर काढते ना मी.” तिने वीस-पंचवीस काढले. सगळ्यांत भाईदास डॉक्टरने जीभ दाखवायला सांगितल्यासारखा दिसत होता. मग ठरलं, गुरुवारी सुट्टी टाकायची आणि उधन्याला मेन रोडवरच्या स्टुडिओत जाऊन रीतसर फोटो काढून घ्यायचा. साडेबाराची वेळही घेऊन ठेवली.

गुरुवारी सकाळी सातला रुक्मिणीचा फोन आला.

रुक्मिणी भाईदासची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती आईजवळच राहिली. दोंडाईच्यापासून आत सात-आठ किलोमीटरवर त्यांचं गाव. आई, रंभाबाई, चौऱ्याऐंशी वर्षांची, जुन्या दम्याची. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं तिने होऊ दिलं नाही. गेल्या दिवाळीत भाईदासने रुक्मिणीला मोठा फोन घेऊन दिला होता, आईला रविवारच्या रविवारी पोराचं तोंड दिसावं म्हणून. आई फोन पार नाकाला लावून बघायची आणि प्रत्येक वेळी एकच विचारायची, जेवला का.

“भाऊ,” रुक्मिणी म्हणाली, “माय दोन दिनपाईन काहीच खात नही. पानी बी गिळत नही. तुनंच नाव लेई ऱ्हायनी. आजच ये.”

“मी निंघस,” भाईदास म्हणाला. “दुपारनी गाडीवर बठस.”

फोन ठेवला तेव्हा तो खरोखरच निघणार होता. सुंदराने पिशवीत दोन कपडे घातले, भाकरी बांधायला घेतली. भाईदास दाढी करायला बसला. गालाला साबण लावला, वस्तरा उचलला, आणि आरशात मिशी दिसली.

माणसाच्या मनात काय येईल याला धरबंध नसतो, आणि आलं म्हणून माणूस वाईट ठरत नाही. भाईदासच्या मनात आलं ते असं: आईचं काही बरंवाईट झालं, तर दहाव्याला डोकं करावं लागेल. त्यांच्यात मुलाने डोकं आणि मिशी दोन्ही द्यायची, त्यात सूट नाही. डोकं केलं की तीन महिने माणूस उघडाबोडका. शनिवारपर्यंत फोटो द्यायचा, आणि सुतकात गावाहून हलताही येणार नाही. आणि पुस्तकावर जो फोटो जाईल तो कायमचा. आपण मेलो तरी तोच राहणार.

इथवर मनाचा खेळ होता. पण तो तिथे थांबला नाही. भाईदासने तोंड पुसलं आणि सुंदराला सांगितलं, “शेठने आजची सुट्टी रद्द केली, दुपारपर्यंत सोडत नाही. माल जायचाय. मी संध्याकाळच्या गाडीने जातो.”

सुंदरा पिठाच्या हाताने तशीच उभी राहिली. “माय बिमार शे सांगा ना त्यासले.”

“सांगितलं.”

आई जिवंत असताना त्याने तिच्या मरणाचा हिशेब धरला होता, हे त्याला त्या वेळी कळलं नाही असं म्हणता येत नाही. कळलं होतं. पण चार-पाच तासांचा तर प्रश्न, आई अशी याआधीही दोनदा अंथरुणाला खिळून पुन्हा उठली होती, दमेकऱ्याची जात चिवट असते, असं तो रिक्षात बसल्या बसल्या स्वतःला समजावत गेला. स्वतःची समजूत घालायला लागलं की माणसाला शब्दांचा तोटा पडत नाही, त्यातून हा तर लेखक.

स्टुडिओवाला चेतन तिशीचा, बोलघेवडा, सुरतेतच जन्मलेला. तीन वाक्यांत तीन भाषा बोलायचा. लेखक आहे म्हटल्यावर त्याने भिंतीवरचा काश्मीरचा पडदा गुंडाळून दुसरा सोडला. त्यावर पुस्तकांचं कपाट छापलेलं होतं. मग भाड्याचा करडा कोट आणला. कोट मागून टाचणीने आवळला. हातात पेन दिलं, काढून घेतलं, पुन्हा दिलं. दोन्ही बाजूंनी दिवे लावले. भाईदास स्टुलावर ताठ बसला.

“काका, हसो ने जरा.”

भाईदास हसला.

“आ नहीं, काका. हे पासपोर्टवालं झालं. थोडं दिल से.”

दहा-बारा वेळा झालं. चेतनने हनुवटी वर केली, खाली केली, दिवे हलवले. भाईदासला घाम फुटला. तेवढ्यात बाजूच्या टेबलावर ठेवलेला फोन थरथरायला लागला. रुक्मिणीचा व्हिडिओ कॉल. भाईदासने मान वळवून पाहिलं. अंगात भाड्याचा कोट, मागे खोटी पुस्तकं, तोंडावर चेतनने फिरवलेली पावडर. या अवतारात फोन उचलायचा आणि खात्यात आहे म्हणून सांगायचं कसं? गाडी कोणती एवढंच विचारत असेल, स्टेशनवर जाऊन लावू, असं म्हणून त्याने फोन पालथा केला.

“काका, एक काम करा,” चेतन म्हणाला. “डोळे मिटा. ज्या गोष्टीवर तुम्ही लाइफमध्ये सगळ्यात जास्त हसला ना, ती याद करा. मग मी बोलेन तेव्हा डोळे उघडा.”

भाईदासने डोळे मिटले. आणि आठवली ती आईच.

पंचवीस वर्षांपूर्वी आई पहिल्यांदा सुरतेला आली होती. पोरगं काम करतं ते ठिकाण बघायचं म्हणून हट्ट धरून बसली. भाईदास तिला खात्यात घेऊन गेला. दार उघडल्याबरोबर अठ्ठेचाळीस लूम एकदम अंगावर आले. खडाखडा खडाखडा, शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही असा आवाज. आईने पदर कानावर धरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं बघितलं आणि भाईदासच्या कानाशी तोंड आणून तिच्या त्या खणखणीत आवाजात विचारलं, “या समदासनं लगीन एकच दिन शे का रे?” भाईदास तिथे दाराशी बसकण मारून हसला होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला होता. शेठ धावत आला, त्याला वाटलं मास्तरला फिट आली.

टेबलावर फोन पुन्हा थरथरायला लागला होता. भाईदासला ते ऐकू आलं. पण हसू वर येत होतं, आणि ते आता हललो तर जाईल असं त्याला वाटलं.

“हां काका, उघडा!”

भाईदासने डोळे उघडले आणि हसला. चेतनने लागोपाठ चार काढले.

कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर चेतनने फोटो दाखवला तेव्हा भाईदासला स्वतःचीच ओळख पटेना. डोळे बारीक झालेले, मिशीची टोकं वर गेलेली, सगळा चेहरा आतून उजळलेला. असा माणूस आपल्याला कधी आरशात भेटला नाही, असं त्याला वाटलं. “मस्त ना?” चेतन म्हणाला. “आ तो फर्स्ट क्लास!” आणि भाईदासला त्या क्षणी आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, फार आनंद झाला.

स्टेशनच्या वाटेवर त्याने रुक्मिणीला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. उधन्याच्या फलाटावर बसून तो तिसऱ्यांदा लावणार, तोच तिचा आला. साडेतीन वाजले होते. आई तीनला गेली, असं तिने सांगितलं. एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

भाईदास पोचला तेव्हा आईला दिवा लावून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अग्नी दिला. लोक म्हणाले, म्हातारी सुखाने गेली, हातीपायी धड गेली. सुंदरा आणि धनश्री आल्या. रुक्मिणी सगळं करत होती; आल्यागेल्याला पाणी देत होती, बायकांच्या गळ्यात पडून रडत होती, पण भाईदासशी एक शब्द बोलत नव्हती. जेवायचं ताट त्याच्यापुढे ठेवी आणि वळे. भाईदास तिला विचारू धजत नव्हता की तू दोनदा फोन केलास तो कशाला. त्याच्या मनात पाल चुकचुकत होती आणि तिला तो चुकचुकू देत होता.

चौथ्या दिवशी योगेंद्र सरांचा फोन आला. त्यांना कुणीतरी कळवलं होतं. दोन शब्द सांत्वनाचे बोलून म्हणाले, “फोटोचं काही मनात ठेवू नका. कव्हर शेवटीच छापतो आपण. दहावं, गंधमुक्ती सगळं होऊ द्या, मग सावकाश पाठवा.”

“पण तुम्ही शनिवार म्हणाला होतात.”

“अहो, शनिवार म्हटलं की माणसं पंधरा दिवसांनी पाठवतात, म्हणून म्हणायचं. आई आजारी आहे एवढं सांगितलं असतंत तर महिनाभर थांबलो असतो की.”

भाईदास मळ्याच्या वाटेला लागला आणि बांधावर बसून राहिला. तिथे त्याला रडू आलं. आई गेल्याचं आलं तसं नव्हे हे. हे स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं तसं होतं. संध्याकाळी धनश्रीने विचारलं, “पप्पा, स्टुडिओतून फोटो आलाय. काय भारी आलाय! सरांना पाठवू?” तो तिच्यावर खेकसला, “सुतक चाललंय घरात, आणि तुला फोटो सुचतो?” पोरीने फोन बाजूला ठेवला. फोटो कुणाला कधी सुचला होता ते तिला काय माहीत.

दहाव्याला नदीवर सगळे विधी झाले. न्हाव्याने आधी डोकं केलं, मग मिशी. वडील गेले तेव्हा भाईदास अकरा वर्षांचा होता, त्यामुळे डोक्याची त्याला ओळख होती. मिशी पहिल्यांदाच जात होती. वस्तरा ओठावरून दोनदा फिरला आणि काम झालं. एवढंसं काम. अंघोळ करून, ओल्या अंगावर उपरणं घेऊन तो घरी आला. माणसं अजून नदीवरच रेंगाळत होती. घरात रुक्मिणी एकटी होती, चुलीपुढे. पावलं वाजली म्हणून तिने मान वर केली, आणि तिच्या हातातली पळी खाली पडली.

“माय वं!”

ती भाईदासकडे बघत राहिली. मग पदर तोंडाशी धरून मटकन भिंतीला टेकली. भाईदासला कळेना. तो तिच्यासमोर खाली बसला. दहा दिवसांनी ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

“त्या दिनले मी तुले फोन लावा ना, भाऊ. दोन डाव लावा.”

“हा.”

“मायले तुनं तोंड दखनं व्हतं. तेच बोले. भाईदासले दखाड, भाईदासले दखाड. पहिल्यांदा फोन वाजी वाजी बंद पडना. मी दुसऱ्यांदा लावा अन तिना डोयासमोर धरा. मी म्हनं, तू उचलशी तवय लगेच दखाशी.” ती थांबली, नाक पुसलं. “फोन वाजस तवलोंग त्यामा आपलंच तोंड दखास ना रे. ज्याना समोर, त्यानंच.”

भाईदासला पुढचं कळायला लागलं होतं.

“मायले तिनंच तोंड दखायनं. तिले वाटनं, तू शे. हासनी. म्हने, भाईदास, कितला बारीक व्हयना रे तू. मंग बोट फिरायं असं काचवर. अन म्हने…” रुक्मिणीने पदराने डोळे पुसले. “म्हने, मिशी कोठे गई तुनी? मिशी का बरं काढी? कोन मरनं रे?”

चुलीतलं लाकूड बाहेर सरकलं होतं. कुणी ते आत ढकललं नाही.

“तू काय सांगितलंस?” भाईदासने विचारलं.

“काय सांगू? मी म्हनं, कोनीच नही मरनं, माय. मंग फोन बंद पडना. ती म्हने, ठेवी दिन्हा त्यानी, कामवर व्हई. त्याले म्हना, जेवी ले. अन डोया मिटी लिन्हा. परत काही बोलनी नही.” रुक्मिणीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, डोक्यापासून हनुवटीपर्यंत. “आते दखस तं खरंच, तिनंच तोंड शे तुनं. ती काही खोटं बोलनी नही.”

खोटं कोण बोललं होतं ते भाईदासला ठाऊक होतं. आणि आता ते पोटात ठेवणं त्याला शक्य नव्हतं. “रुक्मी, मी कामावर नव्हतो,” तो म्हणाला. मग त्याला वाटलं हे असं छापील भाषेत सांगायचं काम नाही, आणि तो आईच्या भाषेवर आला. “मी फोटो काढी राहिंतू. पुस्तकवर छापाले. माय गई तं डोकं करनं पडी, मिशी जाई, म्हनीसन आधी काढी लेऊत म्हनं. तुना फोन मी दखा. दोन्ही डाव दखा. उचलना नही.”

रुक्मिणीने चुलीतलं लाकूड आत ढकललं. शिव्या दिल्या असत्या तर त्याने त्या आनंदाने घेतल्या असत्या. मग तिने हात पुढे केला. “दखाड.”

त्याने फोनवर धनश्रीने पाठवलेला फोटो काढला आणि तिच्या हातात दिला. ती बघत राहिली. बाहेर नदीवरून परतणाऱ्या माणसांचे आवाज यायला लागले होते.

“कसावर हासना इतला?”

“मायवर.” आणि त्याने तिला लूमच्या लग्नांची गोष्ट सांगितली. ती रुक्मिणीला माहीत होती. आई स्वतःच ती गावभर सांगत फिरायची. तरी तिने सगळी ऐकली. शेवटाला तिच्या तोंडाचा कोपरा हलला, हसल्यासारखा, आणि तिथूनच तिला रडू फुटलं. भाईदासही रडला. दोघं चुलीपुढे बसून, लहानपणी बाप गेला तेव्हा रडली होती तशी रडली. माणसं ओसरीवर येऊन थबकली आणि मागे फिरली. त्यांना वाटलं, आईचं दुःख आहे.

गंधमुक्ती झाल्यावर भाईदासने एक गोष्ट मनाशी पक्की केली. ओसरीवर उजेडात बसून त्याने फोनचा पुढचा कॅमेरा लावला. पडद्यावर आई होती. गालफडं बसलेली, वरचा ओठ उघडा, डोळे खोल. तो किती तरी वेळ तिच्याकडे बघत बसला. मग त्याने बटण दाबलं आणि फोटो घेऊन रुक्मिणीकडे गेला.

“हाऊ फोटो देस मी पुस्तकले,” तो म्हणाला. “तो हसरा नको. तो छापायचा मला अधिकार नाही.”

रुक्मिणीने दोन्ही फोटो पाहिले. आधी हा, मग तो, मग पुन्हा हा. तिला वाचता येत नव्हतं, पुस्तक म्हणजे तिच्या लेखी शाळेतल्या पोरांची वस्तू. पण ती फार विचार करून बोलली.

“नही, भाऊ. हाई मायनं तोंड शे. हाई लोकसले नको वाटू. हाऊ फोटो माले दे. तू आपला हासरा छाप.”

“रुक्मी, मले तो दखवाव नही.”

“मंग नको दखू,” ती म्हणाली. “लोकं दखतीन. तू आयकजो.”

तिने हे रागाने म्हटलं की मायेने, ते भाईदासला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्याने दुसरा फोटो तिच्या फोनवर पाठवला आणि हसरा योगेंद्र सरांना. सरांचा दोन मिनिटांत निरोप आला: अप्रतिम, हाच पाहिजे होता.

आखाजीला गावी आईच्या नावाने घागर भरली. पुढच्या रविवारी धुळ्यात प्रकाशन झालं. शाळेच्या एका वर्गात चाळीसेक माणसं होती. धनश्री पुढच्या बाकावर बसून फोटो काढत होती. सुंदरा नवं लुगडं नेसली होती. रुक्मिणी आली नव्हती. भाईदासच्या डोक्यावर महिन्याभराचे खुंट उगवले होते आणि मिशीच्या जागी पांढुरकी सावली. भाषणं झाली, एकाने पुस्तकातली एक गोष्ट वाचून दाखवली आणि वर्ग हसला. मग लोक पुस्तकं घेऊन सही मागायला आले. जो तो आधी पुस्तक उलटं करून मागचा फोटो बघे, मग मान वर करून भाईदासकडे बघे, पुन्हा फोटोकडे बघे.

“काय हसलात हो!” एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, फोटोसाठीच पुस्तक घेतलं. भाईदास मान हलवत होता, सही करत होता.

शेवटी एक म्हातारेसे निवृत्त शाळामास्तर आले. त्यांनी फोटोवरून हात फिरवला, भाईदासचं डोकं पाहिलं, ओठ पाहिला आणि समजून आवाज खाली आणला.

“वडील की आई?”

“आई.”

“अरेरे.” त्यांनी पुन्हा फोटोकडे बघितलं. “म्हणजे हा फोटो आई होत्या तेव्हाचा.”

“हो,” भाईदास म्हणाला. “होती तेव्हा.”

मास्तरांनी पुस्तक पुढे केलं. त्यांचं नाव काय लिहायचं ते भाईदासने विचारलं, त्यांनी सांगितलंही, पण त्याला ते दोनदा विचारावं लागलं.